रमाबाई आणि माझा फॉर्म

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका फॉर्मवरून बरंच रामायण झालं. फॉर्म मुलीचा नव्हता, माझा होता. वय ४४, शिक्षण बी.ए., तेही बारामतीच्या कॉलेजातून मराठी विषय घेऊन, आणि त्यालाही आता वीसेक वर्षं होऊन गेलेली. अर्ज कशाचा, तर एम.एस.डब्ल्यू.चा. म्हणजे समाजकार्यातला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. कुठल्याही शाखेची पदवी असली तरी चालते, हे मुलीनंच मोबाईलवर शोधून सांगितलं आणि जेवणाच्या टेबलावरच फॉर्म उघडून बसली.

नाव, पत्ता, गुण, सगळं झरझर भरून झालं. घोडं अडलं ते एका रिकाम्या चौकोनापाशी. तुम्हाला समाजकार्याचं शिक्षण का घ्यायचं आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा, असं तिथं विचारलं होतं. आमचे हे शाळेत शिकवतात, त्यांचं मराठी छान. ते लगेच म्हणाले की मी लिहून देतो, तू फक्त सही कर. सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता वेगळंच बोलल्या. इतकी वर्षं बचत गट, पालखी, ऊसतोडीच्या पोरांची शाळा असं सगळं करतेसच की, मग जे येतंच ते शिकायला पैसे भरून पुण्याला कशाला जायचं?

प्रश्न टोचला, कारण तो खोटा नव्हता. त्या रात्री कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. बी.ए.ला असताना वाचलं होतं, पण तेव्हा परीक्षेपुरतं. आपल्यापैकी बहुतेकींना रमाबाई माहीत आहेत त्या २०१२ साली टीव्हीवर लागलेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेतून. परकरातली ती गोड यमुना आणि तिला अक्षरं शिकवणारे न्यायमूर्ती माधवराव. पण मालिकेतली यमुना जितकी डोळ्यांसमोर राहते, तितक्या विधवा झाल्यानंतरच्या रमाबाई राहत नाहीत. मला त्या हव्या होत्या.

आधी थोडी उजळणी करू. रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरात. लग्न १८७३ च्या डिसेंबरात, वय अवघं ११. नवरा ३१ वर्षांचा, पहिली बायको नुकतीच वारलेली. तो मोठा विद्वान, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, आणि वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून एका अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न करून बसलेला. त्यावरून माधवरावांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. ती रास्तच आहे, असं मला वाटतं. पण लग्नानंतर त्यांनी एक गोष्ट केली. या मुलीला अक्षर येत नव्हतं, तिला त्यांनी स्वतः शिकवायला घेतलं.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे काही रुचलं नाही. माधवरावांना कोण बोलणार? मग सगळं यायचं ते रमाबाईंच्या वाट्याला. टोमणे, अबोला, कामातली अडवणूक. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे फोड करून सांगायला नको. मुलींसाठी हायस्कूल निघावं म्हणून पुण्यातल्या सुधारकांनी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे मागणी मांडली, तेव्हा ते इंग्रजी निवेदन वाचून दाखवायला रमाबाई उभ्या राहिल्या. ते हायस्कूल १८८४ साली निघालं, आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. पण त्या दिवशी बाहेर टाळ्या मिळवून घरी आलेल्या सुनेला घरात काय ऐकावं लागलं, ते पुस्तकात मुळातूनच वाचा. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, आणि शिकणंही सोडलं नाही. दोन्ही एकदम करणं किती अवघड असतं, ते आपल्याला माहीत आहे.

अजून एक छोटी गोष्ट, माझ्या चौकोनाशी नातं सांगणारी. माधवरावांची नाशिकला बदली झाली होती. तिथल्या हायस्कुलात रमाबाई पहिल्यांदाच पाहुण्या म्हणून व्यासपीठावर गेल्या, तेव्हा त्यांचं भाषण माधवरावांनी लिहून दिलं होतं. वाचताना मला हसूच आलं. आमच्या घरात दीडशे वर्षांनी तेच चाललं होतं की!

आता पुढचा भाग. १६ जानेवारी १९०१ ला माधवराव गेले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या, लवकरच एकोणचाळीस पुऱ्या होणार होत्या. मूलबाळ नाही. मुंबईचं बिऱ्हाड आवरून त्या पुण्याला फुले मंडईजवळच्या जुन्या घरात आल्या आणि वर्षभर जवळजवळ बाहेरच पडल्या नाहीत. नवऱ्याच्या नावामुळे मान होता, खाण्यापिण्याची ददात नव्हती. देवधर्म करत आयुष्य काढलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती, उलट कौतुकच झालं असतं.

मग त्या बाहेर पडल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. पुण्यात तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. सुधारगृहातल्या मुलांकडे सणासुदीला गोडधोड घेऊन जायच्या, इस्पितळातल्या रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन द्यायच्या. बाई एकटीनं तुरुंगात जाते, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. पण कामाचं स्वरूप पाहिलं तर ते माझ्यासारखंच होतं. मनात माया आहे, हातात पिशवी आहे, जाऊन भेटायचं, धीर द्यायचा, परत यायचं.

आणि इथंच मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे, ती टाळून पुढं जाता येणार नाही.

चार वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक होती. बैठक संपल्यावर एक तरुण बाई मागं थांबली. नवरा दारू पिऊन मारतो म्हणाली. दंडावर वळ होते. मी तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला जवळ घेतलं, तिच्या घरी गेले, सासूशी बोलले, नवऱ्याला दोन शब्द सुनावले. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला. पोरांकडे बघून जरा सांभाळून घे, असं तिला सांगून मी संध्याकाळच्या एस.टी.नं बारामतीला परत आले. छान काम झालं, असं मला वाटत होतं. तीन महिन्यांनी ती दिसली ती हाताला प्लास्टर घालून. मी गेल्यावर त्याच रात्री, घरची गोष्ट बाहेर का नेली म्हणून तिला मार बसला होता, आणि तिथून तो वाढतच गेला होता. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतो, सुरक्षिततेचा विचार केल्याशिवाय अशा घरात मध्यस्थी करायची नसते, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मन चांगलं होतं, पण त्या मनाचा भुर्दंड तिच्या हाडानं भरला. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून रमाबाईंच्या आयुष्यातला १९०९ नंतरचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं होतं, त्याच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी रमाबाईंना गळ घातली. पुढच्याच वर्षी पुण्यातही सेवासदन सुरू झालं आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला उभे राहिले. सुरुवात झाली ती रमाबाईंच्या स्वतःच्या घरातूनच. नाव सेवेचं, पण आत चालायचे ते वर्ग! लिहिणं-वाचणं, शिवण, हस्तकला, पुढं शिक्षिकांसाठी अध्यापन वर्ग. फळं घेऊन इस्पितळात जाणाऱ्या बाईनं आता ठरवलं की इस्पितळात शिकलेल्या बायका पाठवायच्या. १९११ च्या सुमारास सेवासदनच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात नर्सचं शिक्षण घेऊ लागल्या.

आज आपल्या ओळखीत दर तिसऱ्या घरी एखादी नर्स आहे, त्यामुळं यात काय मोठंसं, असं वाटेल. पण त्या काळी परक्या पुरुषाला हात लावायचा, कुणाही जातीच्या माणसाची घाण काढायची, रात्रपाळी करायची, हे घरंदाज बाईचं काम मानलंच जात नव्हतं. आणि शिकायला येत होत्या त्या बऱ्याचशा तरुण विधवा. एकदा सेवासदनच्या संमेलनात एक विधवा मुलगी बक्षीस घ्यायला मंचावर आली, तेव्हा समोर बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. शेवटी आभार मानायला रमाबाई उठल्या. घरात इतकी वर्षं गप्प बसून ऐकून घेणारी ही बाई त्या दिवशी गप्प बसली नाही. स्वतःला सुशिक्षित म्हणवणाऱ्या त्या पोरांना त्यांनी भर सभेत चांगलं फैलावर घेतलं. मला वाटतं, स्वतःसाठी त्या कधीच अशा बोलल्या नसत्या.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल. सेवासदनात पहिल्या काळात आलेल्या मुली मुख्यतः वरच्या जातींतल्या होत्या. त्याच पुण्यात सावित्रीबाईंनी १८४८ पासून ज्यांच्यासाठी शेणमार खाल्ला, त्या घरांपर्यंत हे दार पोचायला वेळ लागला. रमाबाईंना नवऱ्याचं नाव होतं, ओळखी होत्या, वाडा होता. इंदापूरच्या माझ्या त्या मैत्रिणीला यातलं काहीच नाही. हे सगळं मान्य करूनही, मायेला शिक्षणाची जोड हवी हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं, याचं मला अप्रूप वाटतं. आपल्याकडे समाजकार्याचं रीतसर पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं ते १९३६ साली, मुंबईच्या सर दोराबजी टाटा संस्थेत. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था निघाली १९६३ साली. रमाबाईंना भरायला असा फॉर्मच नव्हता. त्यांनी शिकण्याची सोय आधी दुसऱ्यांसाठी उभी केली.

आणि हो, आपल्या गावासाठी आनंदाची गोष्ट. पुणे सेवासदनच्या पुढं गावोगाव शाखा निघाल्या. सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक, अलिबाग, आणि या यादीत आपल्या बारामतीचंही नाव आहे. ते नाव पाहिलं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं.

उतारवयातही रमाबाई थांबल्या नाहीत. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा मदतीच्या कामासाठी त्या तिकडे गेल्या. पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा पैसा अपुरा आहे, आधी मुलांचं बघू, मुलींचं नंतर, असा सूर लागला होता. मुलींनाही सोबतच घ्या म्हणून रमाबाईंनी चळवळ केली. १९२१-२२ मध्ये बायकांच्या मताधिकारासाठी झटल्या. पण मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. शेवटच्या वर्षांतसुद्धा आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीच्या यात्रेत जायच्या, वारकऱ्यांच्या सेवेला. आपल्याकडे तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते, पुढं सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. फोड आलेले पाय धुऊन मलमपट्टी करताना आपण काही नवं करतोय असं मला उगीचच वाटायचं.

१९२४ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. तेव्हा पुणे सेवासदनात हजारावर मुली आणि बायका शिकत होत्या. १९६२ साली जन्मशताब्दीला पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं. गंमत म्हणजे १९१० साली छापलेल्या त्या आठवणींचं पुस्तक माधवरावांच्या मृत्यूपाशी संपतं. नंतरच्या स्वतःच्या कामाबद्दल त्यांनी असं पुस्तक लिहिलं नाही.

पुस्तक मिटलं आणि चौकोन भरायला बसले. ह्यांनी दोन परिच्छेद लिहून ठेवले होते, सुरेख होते. ते बाजूला ठेवले. राष्ट्रउभारणी, स्त्रीशक्ती असलं काही लिहिलं नाही. एका बाईचा हात मोडला, त्यात माझ्या अडाणीपणाचा वाटा होता, पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून शिकायचंय, एवढंच मांडलं. मुलीनं वाचलं आणि एक अक्षरही न बदलता बटण दाबलं.

मुलाखतीची तारीख अजून कळलेली नाही. नेमकी पालखीच्या मुक्कामाच्या दिवशीच आली तर काय, म्हणून माझा जीव वरखाली होत होता. काल सासूबाईंनी मलमपट्टीची पेटी खाली काढली, आतल्या बाटल्या एकेक उन्हाला धरून बघितल्या, आणि आयोडीन कुठली आणि स्पिरिट कुठलं ते मला नीट विचारून घेतलं.