तुकोबांच्या वह्या राखणारे सुदुंबऱ्याचे संताजी

मावळातल्या सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. मूळचे चाकणचे, घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा. तुकोबांचं कीर्तन ऐकलं अन् त्यांच्या टाळकऱ्यांत जाऊन बसले. तुकोबा गायचे, संताजी लिहून घ्यायचे. गाथा इंद्रायणीत बुडवली तेव्हा लोकांच्या तोंडचे अभंग त्यांनी पुन्हा गोळा केले, असं जुनी माणसं सांगतात. १६६० साली शाहिस्तेखानानं चाकणला वेढा घातला. असल्या धामधुमीच्या काळात कागद सांभाळणं सोपं नव्हतं. तरी वह्या टिकल्या. पुढं वि. ल. भावे यांनी त्यांवरूनच गाथा छापली. ग्रंथालयात पुस्तकं जपणाऱ्याचं नाव वाचकाला कुठं माहीत असतं? संताजींच्या नावाचं टपाल तिकीट निघालं ते २००९ साली.