फुले पिकवणारी संत रोझ

२३ ऑगस्ट हा लिमाच्या संत रोझचा सण. चित्रात तिच्या मस्तकी गुलाबांचा मुकुट दिसतो. तिच्या कडक उपवासांच्या कथाही आपण ऐकतो. पण तिने फुले पिकवून घर चालवण्यास हातभार लावला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा शहरी १५८६ साली ती जन्मली. नाव इसाबेल, आडनाव फ्लोरेस; स्पॅनिश भाषेत फ्लोरेस म्हणजे फुलेच! बाळाचा चेहरा गुलाबासारखा दिसला म्हणून आई तिला रोझा म्हणू लागली. ज्या आजीवरून इसाबेल नाव ठेवले होते तिला ते मुळीच रुचले नाही. पुढे १५९७ साली आर्चबिशप तोरिबियो यांच्या हस्ते दृढीकरण झाले, तेव्हा रोझ हेच नाव कायम झाले. हे आर्चबिशपही नंतर संतपदाला पोहोचले.

वडील सैनिक, घरात मुले पुष्कळ. खाणीच्या धंद्यात पैसा बुडाला आणि ओढाताण सुरू झाली. रोझ दिवसा बागेत फुलझाडे वाढवी, रात्री रेशमी भरतकाम करी. दोन्ही विकून घरखर्चाला पैसे येत. आईला तिचे लग्न करायचे होते. तिने ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले. ही ओढाताण कित्येक वर्षे चालली. अखेर विसाव्या वर्षी तिने डॉमिनिकन तृतीय संघाचा झगा घातला, पण मठात गेली नाही. बागेतच भावाच्या मदतीने छोटी खोपी बांधली आणि तिथे प्रार्थना करू लागली. घरातल्या एका खोलीत गरीब आजाऱ्यांची शुश्रूषाही केली.

तिने शरीराला दिलेल्या यातनांचे अनुकरण कोणी करावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण पहाटेच्या अंधारात मोगरा खुडून दादरचा बाजार गाठणाऱ्या आपल्या वसईच्या माउल्या, प्रार्थनेला वेळ उरत नाही म्हणून हळहळतात, तेव्हा आम्हाला रोझची ही बाग आठवते. वाफे आणि खोपी एकाच कुंपणात होती.

२४ ऑगस्ट १६१७ रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी ती प्रभूघरी गेली. १६७१ साली पोप दहावे क्लेमेंट यांनी तिला संत घोषित केले. अमेरिका खंडातील ती पहिली संत. पेरूमध्ये तिचा सण ३० ऑगस्टला असतो. त्या दिवशी लिमात रांगा लागतात आणि लोक आपापल्या विनंत्या कागदावर लिहून तिच्या बागेतील विहिरीत टाकतात.