मक्याच्या शेतातला क्रांतिकारक : डॉ. पांडुरंग खानखोजे



पावसाळ्यात लोणावळ्याला आलेला माणूस गाडीवरचं भाजलेलं कणीस खाल्ल्याशिवाय सहसा परत जात नाही. हा मका मूळचा मेक्सिकोचा. आणि त्याच मेक्सिकोत मक्याचे वाण सुधारण्याचं काम करणारा एक शास्त्रज्ञ आपल्या वर्ध्याचा होता! त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. चौथी-पाचवीच्या मुलांना सांगता येईल अशी त्यांची गोष्ट आज पाहूया.

त्यांचं बालपण वर्ध्यात गेलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांतात अन्नावाचून असंख्य माणसं दगावली, तेव्हा पांडुरंग शाळकरी वयाचा होता. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तो भारावला आणि विशीतच देश सोडून जपानमार्गे अमेरिकेला गेला. तिथे त्याने दोन गोष्टी शिकल्या : लष्करी शिक्षण आणि शेतीशास्त्र. वरवर पाहता या दोन्हींचा काही संबंध नाही. पण त्याला देश स्वतंत्र करायचा होता आणि त्या देशातला शेतकरी पोटभर जेवायलाही हवा होता.

१९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष स्थापन झाला. खानखोजे त्याच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी एक. पहिल्या महायुद्धात ते इराणात जाऊन इंग्रजांशी लढले, पकडले गेले आणि निसटले. पुढे काही काळ बर्लिनमध्ये राहिले. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशाचं दार बंद झालं होतं. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोला पोहोचले.

मेक्सिकोत तेव्हा नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या. पण नुसती जमीन मिळून काय होणार? पाऊस बेभरवशाचा, वर थंडीचं धुकं-दव गोठून पीक जाण्याची भीती. खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका, गहू यांचे दुष्काळ आणि थंडी सोसणारे वाण तयार करण्यावर त्यांनी काम केलं. मक्याचा रानटी पूर्वज असलेलं तेओसिंते नावाचं गवतही त्यांच्या अभ्यासात होतं.

हे काम कसं चालतं, ते मुलांना नीट समजावून सांगा. मक्याच्या शेंड्यावर तुरा असतो, तो नर. खाली कणसाला केस असतात, ते मादी. एका झाडाच्या तुऱ्यातले पराग दुसऱ्या झाडाच्या केसांवर टाकले की संकर होतो. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा! पाणी कमी पडलं की केस उशिरा बाहेर येतात, तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. मग कणीस मोकळं, दाणे विरळ. म्हणून दुष्काळातही केस वेळेवर येणारी झाडं निवडायची, त्यांचं बी राखायचं, पुन्हा पेरायचं. बहुतेक ठिकाणी एका हंगामाला एकच पिढी मिळते. घाई करून चालत नाही.

पण मला शिक्षिका म्हणून सर्वांत भावलं ते पुढचं. चांगलं बी विद्यालयाच्या कपाटात राहिलं तर उपयोग काय? म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. ज्याला विद्यालयाची पायरी चढता येत नाही, त्याच्यापर्यंत शाळाच गेली. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात, सर्वांना भाकरी वाटणाऱ्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा दिला. एका शिक्षकाचा याहून मोठा सन्मान कोणता?

देश स्वतंत्र झाला, तरी ती जुनी काळी यादी त्यांच्या आड आली. ज्या देशासाठी घर सोडलं, त्याच देशात यायला परवानगीची वाट पाहावी लागली. ते अखेर कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. चापिंगोपासून जवळच, तेस्कोको भागात, आज मका आणि गव्हावर काम करणारी मोठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. २०२२ साली मेक्सिकोत खानखोज्यांचा पुतळाही बसला. आपल्याकडे मात्र कितीतरी मुलांनी त्यांचं नावही ऐकलेलं नाही.

आपल्या मावळात धो-धो पाऊस, म्हणून इथे भात. पण आपल्याच जिल्ह्यात शिरूर, दौंड, इंदापूरकडे पावसाची वाट पाहावी लागते. हा फरक मुलांना नकाशावर दाखवा.

वर्गासाठी उपक्रम :
१) शाळेच्या परसबागेत मक्याचे दहा-बारा दाणे लावा. तुरा आणि केस कोणत्या दिवशी दिसले, याची नोंद मुलांना ठेवू द्या.
२) एका कोवळ्या कणसाचे केस बाहेर येण्याआधीच त्याला कागदी पिशवी बांधा आणि केस सुकेपर्यंत ठेवा. किती दाणे भरले ते शेवटी मोजा.
३) चर्चा : बंदूक हातात घेतलेला क्रांतिकारक पुढे बियाणं हातात घेतो, तेव्हा त्याची लढाई संपली की चालूच राहिली?

तिसऱ्या प्रश्नाचं तयार उत्तर देऊ नका. मुलं काय म्हणतात ते ऐका, आणि आम्हालाही जरूर कळवा.