ठाण्याची पहिली गाडी आणि नाना शंकरशेट: इंजिन आलं, पण ते शिकायचं कोणत्या भाषेत?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही १६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळेपासून पाठ असते. बोरीबंदर ते ठाणे, देशातली पहिली प्रवासी गाडी. मी डोंबिवलीकर, त्यामुळे मलाही पाठ आहे. पण गाडी इथेच का आली, पैसा कुणाचा होता, जोखीम कुणाच्या गळ्यात पडली, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. आज आपण ते एका माणसाच्या आयुष्यातून बघूया. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट. दहावीच्या संस्कृतची शिष्यवृत्ती एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते. माझ्या मते ती फारच अपुरी आहे.

नानांचं घराणं मुरबाडचं, आडनाव मुरकुटे. पूर्वज अठराव्या शतकात मुंबईला आले आणि व्यापारात जम बसवला. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. ते पंधरा वर्षांचे असताना पेशवाई बुडाली. १८२२ मध्ये वडील गेले आणि ऐन तारुण्यात सगळा कारभार अंगावर आला. म्हणजे इंग्रजांचं राज्य पक्कं होत असतानाच हा माणूस मोठा झाला.

तिकडे इंग्लंडमध्ये काय चाललं होतं? पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. बंद सिलिंडरमध्ये ती दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो. एवढ्या साध्या गोष्टीवर गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १८३० मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. लिव्हरपूल बंदरात कापूस उतरायचा, मँचेस्टरच्या गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं. तो कापूस मुख्यतः अमेरिकेतून यायचा. १८४६ मध्ये तिथलं पीक बुडालं आणि मँचेस्टरवाल्यांचं लक्ष आपल्या वऱ्हाडाकडे वळलं. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून सह्याद्री उतरून मुंबईला यायचा. वाटेत भिजायचा, धूळ खायचा, आठवडेच्या आठवडे जायचे.

आता नकाशा बघा. मुंबईहून आत जायचं तर ठाण्याची खाडी ओलांडून कल्याण गाठायचं. तिथून एक फाटा थळ घाटाने नाशिक आणि वऱ्हाडकडे, दुसरा भोर घाटाने पुण्याकडे. फलाटावर रोज कसारा आणि कर्जत अशा दोन पाट्या लागतात ना, त्यांचं मूळ इथे आहे. कल्याण जंक्शन झालं ते डोंगरांमुळे आणि कापसामुळे. तुमच्या-माझ्या ऑफिसची वेळ तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

१८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत रेल्वेसाठी पुढाकार घेतला. लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी उभी राहिली, १ ऑगस्ट १८४९ ला तिचा कायदा झाला, आणि हे दोघेही तिच्या संचालकांत होते.

पैशाचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. भांडवल इंग्लंडमधल्या भागधारकांचं. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना ५ टक्के व्याजाची हमी दिली, जमीनही फुकट. नफा कमी पडला तर फरक सरकारी तिजोरीतून, आणि ती तिजोरी भरायची आपल्या शेतकऱ्याच्या सारावसुलीतून. आजच्या भाषेत सांगायचं तर गुंतवणूकदार त्यांचा, परतावा त्यांचा, आणि स्टार्टअप बुडालं तर बिल आपलं. अशी हमी असल्यावर काटकसर कोण करणार? ठरवलेल्यापेक्षा खर्च फुगत गेला तो यामुळेही.

मुख्य अभियंता होता जेम्स बर्कली. दोन रुळांतलं अंतर ५ फूट ६ इंच ठेवलं गेलं. ते इंग्लंडच्या ४ फूट साडेआठ इंचांपेक्षा मोठं, आणि आजही आपल्या लोकलचं तेच आहे. पहिली इंजिनं आली लँकेशायरमधून, म्हणजे ज्या परगण्यातल्या गिरण्यांना कापूस हवा होता तिथूनच. उद्घाटनाला तीन इंजिनं जोडली होती: साहिब, सिंध आणि सुलतान. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, एकवीस तोफांची सलामी, ३४ किलोमीटरचा प्रवास. निमंत्रितांत नानाही होते. चारच दिवसांनी, २० एप्रिलला, लॉर्ड डलहौसीने आपलं रेल्वेविषयीचं टिपण लिहिलं. फौजा पटापट हलवणं आणि व्यापार, हे त्यातले मुख्य मुद्दे.

१ मे १८५४ ला ठाण्याच्या खाडीवरचा पूल आणि मुंब्र्याजवळचे बोगदे पार करून गाडी कल्याणला पोचली. भोर घाट फुटायला १८६३ उजाडलं. १८६१ च्या सुरुवातीला त्या घाटात ४२ हजार मजूर राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगांनी हजारो माणसं गेली. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

आता प्रश्न येतोच, मग नाना इंग्रजांचे हस्तक होते का? मला तसं वाटत नाही. कारण ते फक्त रेल्वे मागून थांबले नाहीत, ती समजणारी माणसंही त्यांना हवी होती. १८२० च्या दशकातच मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस मराठीतून गणित आणि अभियांत्रिकी शिकवण्याची खटपट करत होता, त्यासाठी पुस्तकंही मराठीत आणली गेली होती. पुढे शिक्षण मंडळावर नाना सदस्य झाले आणि १८४७ च्या सुमारास वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष न्यायाधीश अर्स्किन पेरी यांना थोड्या लोकांना इंग्रजीतून उच्च शिक्षण द्यायचं होतं. नानांचं म्हणणं असं की मूठभरांना इंग्रजी येऊन समाजात ज्ञान पसरणार नाही, ते लोकांच्या भाषेतूनच पोचलं पाहिजे. फ्रामजी कावसजी आणि मुहंमद इब्राहिम मकबा हे दोघे सदस्यही त्यांच्या बाजूने होते, आणि जर्व्हिसही. गंमत बघा, या माणसाला इंग्रजी नको होती असं मुळीच नाही. एल्फिन्स्टन संस्था आणि पुढे १८५७ चं मुंबई विद्यापीठ, दोन्हीकडे ते होतेच. शेवटी प्राथमिक शाळा मराठीकडे राहिल्या, पण विज्ञान आणि अभियांत्रिकीचं वरचं शिक्षण इंग्रजीकडे गेलं. तंत्रज्ञानावर मराठीत लिहायला बसलं की शब्द अडतात, ते का, याचं निदान एक उत्तर मला या वादात सापडलं.

मुलींच्या शाळेला जागा मिळेना, तेव्हा नानांनी स्वतःच्या वाड्यात ती दिली. तो काळ १८४९ चा, टीका किती झाली असेल याचा अंदाज करा.

१८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. सरकारपुढे हिंदी लोकांची गाऱ्हाणी सनदशीर मार्गाने मांडणारी ही मुंबईतली पहिली संस्था, आणि नाना तिचे आधारस्तंभ. मग १८५७ चा उठाव झाला. रेल्वेच्या संचालकांत बसलेल्या या माणसावर इंग्रजांना संशय आला की हा बंडवाल्यांना सामील आहे. चौकशी झाली, पुरावा काही निघाला नाही. पाच वर्षांनी, १८६२ मध्ये, त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं.

त्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. थळ घाटाचा मार्ग १८६५ च्या सुरुवातीला खुला झाला, म्हणजे वऱ्हाडच्या कापसाची वाट मोकळी झाली, आणि नेमकं त्याच वर्षी युद्ध संपून भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला मुंबईतल्या सट्ट्याच्या व्यवहारांची मुदत भरली आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. नाना गेले ३१ जुलैला, त्याच महिन्याच्या शेवटी.

मुंबई सेंट्रलला त्यांचं नाव देण्याची मागणी बरीच वर्षं चालू आहे. कल्याण-मुरबाड रेल्वेमार्गाला मंजुरीही मिळालेली आहे. पण हा लेख लिहिताना मुरबाडला गाडी पोचलेली नाही. कल्याणला उतरायचं आणि मुरबाडची एसटी धरायची.