सत्तावन्न किलोंचे पहिलवान : कै. खाशाबा जाधव

पहिलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रुंद छातीचा, मांड्या थोपटणारा धिप्पाड गडी उभा राहतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही यात्रेतली दंगल पाहा. बारक्या पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या भर उन्हात उरकून घेतात आणि मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती दोन आडदांड मल्लांची लागते. गर्दी थांबते ती तिच्यासाठी. त्यामुळे अंगाने किरकोळ असलेल्या मुलाने कोणती विद्या शिकावी असा प्रश्न निघाला की वडीलधारी मंडळी त्याला मल्लखांबाकडे किंवा लाठीकडे पाठवतात. अलीकडे तालुक्याच्या गावी कराटेचे वर्ग निघाल्यापासून तिकडे बोट दाखवतात. कुस्ती हा तुझा प्रांत नव्हे, हे न बोलताही त्यात आलेच. पण स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस कुस्तीगीरच होता, आणि त्याचा गट होता अवघ्या ५७ किलोंचा.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः कुस्ती खेळणारे, तेव्हा तांबड्या मातीची ओळख घरातूनच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्यही केले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी! तेथे तालमी गल्लोगल्ली आणि नावाजलेले मल्लही तितकेच. महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत खाशाबांनी नाव द्यायला जावे, तर त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असे सांगतात. ते तडक प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्यापेक्षा भारदस्त गड्यांना लोळवून आले.

हे घडले कसे? खाशाबांचा आवडता डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडून त्याला जमिनीवर फेकायचे. या डावाला नुसती ताकद पुरत नाही; समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी सुटतो ते हेरावे लागते, आणि तो क्षण साधण्याची चपळाई अंगात असावी लागते. हलक्या माणसाजवळ भांडवल असते ते याचेच. त्यांना पुढे ‘पॉकेट डायनामो’ हे नाव पडले ते उगीच नाही.

१९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांचा हातभार होता. गट फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोंचा. मातीत वाढलेल्या खाशाबांना तेथे गादीवर, अनोळखी नियमांनी खेळावे लागले. आपल्याकडे कुस्ती चितपट झाली तरच निकाल. तेथे गुणांचा हिशेब. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मला या ठिकाणी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथे ५२ पासून ८७ किलोंच्या वरपर्यंत आठ गट होते, आणि प्रत्येकाला आधी काट्यावर उभे राहावे लागे. आपल्या यात्रेत पंच पोरांना शेजारीशेजारी उभे करून नजरेनेच जोड लावतात. मी ४८ किलोंचा. एकदा माझ्याहून सहज दहा किलो जास्त भरेल अशा गड्यासमोर मला उभे केले होते आणि लोक पोट धरून हसले होते. काटा असा हसत नाही.

दुसरी गोष्ट खुराकाची. मोठ्या वजनाचा मल्ल पोसायचा तर दूध, तूप, बदाम यांचा रतीब लागतो. चार एकर कोरडवाहूत सोयाबीन पेरणाऱ्या घराला तो कोठून झेपणार? हलक्या गटातल्या पोराचे मात्र ज्वारीची भाकर आणि उसळीवरही पुष्कळ निभते.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा ५७ किलोंच्या बँटमवेट गटात आले. निवडीत त्यांच्यावर अन्याय होत होता; त्यांनी दाद मागितली, पुन्हा लढले आणि जिंकले. पण पैसा नव्हता. गावोगाव वर्गणी फिरली. आता हा भाग आमच्या प्राध्यापकांनी रागावू नये अशा बेताने सांगतो : प्राचार्य खर्डेकरांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. गुरुजन एवढे करू शकतात हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ती त्यांनी गमावली. हा इशी मूळचा ज्यूदोपटू. युद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आल्यावर तो कुस्तीकडे वळला होता. सुवर्णपदक त्यालाच मिळाले. ती दमछाक ओसरण्याआधीच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो बजावून सांगायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता! तेथे हार झाली आणि कांस्यपदक हाती आले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे ६२ किलोंच्या गटात चौथे आले. तेही हलकेच.

कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न हुकले. खात्यात सत्तावीस वर्षे काढून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि तोही नव्या शतकाच्या तोंडावर. पद्म पुरस्कार मिळाला नाही.

कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक यायला २००८ साल उजाडले. आणि खाशाबांच्याच ५७ किलोंच्या गटात टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ साली, रवी दहियांनी रौप्य मिळवले, २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतांनी कांस्य. ५२ किलोंचा गट मात्र ऑलिंपिकमधून केव्हाच गेला. पुरुषांच्या फ्रीस्टाईलमध्ये आता ५७ हाच सर्वांत हलका. म्हणजे मला अजून नऊ किलो कमवायचे आहेत.