उपेक्षित तर्काचे ऋण

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाची तपासणी करताना आज त्याच्या पेशींतील कोणत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा गळाला आहे, हे पाहिले जाते. या तपासणीचे मूळ मात्र रुग्णालयात नाही. ते सागरी जीवांच्या अभ्यासात आहे.

थिओडोर बोव्हेरी यांचा जन्म १८६२ साली जर्मनीतील बाम्बेर्ग येथे झाला. म्युनिकला ते इतिहास व तत्त्वज्ञान शिकण्यास गेले, पण लवकरच शरीररचनाशास्त्राकडे वळले. १८९३ पासून अखेरपर्यंत ते वुर्झबर्ग येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. सी-अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या एकाच अंड्यात दोन शुक्रजंतू शिरले, की गुणसूत्रांची वाटणी विषम होते व गर्भाची वाढ बिघडते, हे त्यांनी पाहिले. त्यावरून प्रत्येक गुणसूत्राचे कार्य वेगळे आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९०२ साली मांडला.

१९१४ च्या आपल्या लहानशा ग्रंथात त्यांनी हाच विचार कर्करोगाला लावला. काही गुणसूत्रे पेशीविभाजनाला आवर घालतात. ती नष्ट झाली की पेशी बेबंद वाढतात, असा त्यांचा तर्क होता. त्याचे स्वागत थंडपणेच झाले. १९१५ साली बोव्हेरी निवर्तले. त्यांच्या पत्नी मार्सेला या स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी १९२९ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

मानवी गुणसूत्रे ४६ आहेत, हेच मुळी १९५६ साली निश्चित झाले. १९६० मध्ये एका प्रकारच्या ल्युकेमियात आखूड झालेले गुणसूत्र आढळले. पण त्याचा तुकडा नाहीसा झाला नसून दुसऱ्या गुणसूत्राशी त्याची अदलाबदल झाली आहे, हे जॅनेट रौली यांनी १९७३ साली दाखविले. खरी गळती अन्यत्र सापडली. लसीकापेशींच्या दीर्घकालीन ल्युकेमियात निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा तुकडा नसतो. अनेक रुग्णांतील गळतीच्या सीमा ताडून संशोधकांनी तो प्रदेश आखडत आणला आणि २००२ साली तेथे दोन सूक्ष्म जनुके असल्याचे दाखविले. पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनाला ती आवर घालतात, हे पुढे कळले. याच रोगात सतराव्या गुणसूत्राची गळती असेल, तर पी-५३ हे आवर घालणारे जनुक हरपते. नेहमीची रसायने मग फारशी लागू पडत नाहीत आणि उपचार बदलावे लागतात.

संशोधनाचा उपयोग काय, हा प्रश्न पैसा देणाऱ्याने अवश्य विचारावा. मात्र उत्तर त्याच वर्षी मिळावे, असा हट्ट धरू नये. तसा हट्ट धरला असता, तर सी-अर्चिनची अंडी पाहत बसणे हा निरुद्योगच ठरला असता आणि या रुग्णांवरील उपचार आजही अंधारात चाचपडत राहिले असते.