बल्बवाला एडिसन आणि तुमची ईव्ही

घरच्या सॉकेटला इलेक्ट्रिक कार लावली की अख्खी रात्र जाते, आणि हायवेवरच्या फास्ट चार्जरवर ती तासाभरात बऱ्यापैकी भरते. असं का, हे कधी डोक्यात आलंय? उत्तरासाठी भेटा थॉमस अल्वा एडिसनला. हो, तोच बल्बवाला!

१८४७ साली अमेरिकेतल्या ओहायोत जन्मलेल्या या पोराची शाळा काही महिन्यांतच सुटली. रेल्वेत पेपर विकणारा हा मुलगा पुढे संशोधक झाला. १८८२ मध्ये त्याने न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू केलं. वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. अडचण अशी, की ती साधारण मैलभराच्या पुढे नेणं परवडत नव्हतं. सतत दिशा बदलणारी एसी मात्र ट्रान्सफॉर्मरमुळे लांबवर जायची. टेस्ला आणि वेस्टिंगहाउस एसीच्या बाजूने उभे राहिले. एडिसन हट्टाला पेटला. एसी जीवघेणी आहे हे दाखवायला त्याच्या प्रयोगशाळेत प्राण्यांना झटके दिले गेले. तरीही तो हरला. घराघरांत एसीच आली.

पन्नाशीनंतर गडी पुन्हा कामाला लागला, इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीसाठी. १९०३ मध्ये निकेल-लोखंडाची बॅटरी बाजारात आली, पण ती गळायला लागली. त्याने उत्पादन थांबवलं आणि पुन्हा कित्येक वर्षं प्रयोग केले. टिकाऊ बॅटरी तयार झाली तोवर, १९०८ मध्ये, हेन्री फोर्डची मॉडेल टी आली होती. हा फोर्ड एकेकाळी डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीतच नोकरीला होता! रस्ता पेट्रोलने जिंकला. १९३१ मध्ये एडिसन गेला.

आता गंमत बघा. बॅटरी डीसीच घेते आणि तुमच्या घरात येते एसी. म्हणून कारमध्ये ऑनबोर्ड चार्जर बसवलेला असतो. तो एसीला एका दिशेला वळवतो, व्होल्टेज बॅटरीला जुळवून घेतो आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम सांगेल तेवढाच करंट सोडतो. तो ३.३ किलोवॉटचा असेल तर ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ तासांहून जास्त लागणारच. फास्ट चार्जर हेच काम गाडीबाहेर, मोठ्या यंत्रात उरकतो आणि बॅटरीला थेट डीसी देतो.

ज्या दोन विजांसाठी एवढं भांडण झालं, त्यांची रोज रात्री तुमच्या पार्किंगमध्ये दिलजमाई होते. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये पुढच्या वेळी ‘माझंच खरं’ सुरू झालं, की एडिसन आठवा!